वाकळ कापू नका, ओवीला हात लावू नका

*ताई, येत्या चैत्रात माझ्या आजीचं वर्षश्राद्ध आहे. आम्ही तिला जिजी म्हणायचो. गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात, मी नोकरीसाठी पुण्यात. जिजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती ओव्या रचायची, वाकळा शिवायची, गावातल्या कितीतरी लग्नांचं रुखवत तिनंच मांडलं. घरच्यांनी ४० पानांची स्मरणिका काढायचं ठरवलंय आणि काम माझ्याकडे आलंय. ११ जणांचे लेख आलेत. सगळ्यांत ती 'प्रेमळ, कष्टाळू, साक्षात अन्नपूर्णा' आहे, आणि मला त्यात जिजी कुठे दिसतच नाही. धाकट्या काकांच्या फोनमध्ये तिच्या १७ ओव्या आहेत. थोरले काका शिक्षक होते. त्यांनी त्या 'शुद्ध' करून दिल्यात आणि एक गाळायला सांगितलीय. वाकळा नऊ आहेत. त्यातली सगळ्यात मोठी कापून प्रत्येक घरी एक तुकडा द्यावा असं चाललंय, आणि आत्या ती द्यायला तयार नाही. मी स्वतः जिजीचं काहीच रेकॉर्ड केलं नाही, ते मनातून जात नाही. काय करू? — जिजीची नात*

प्रिय नातीस,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून तू सोबत पाठवलेली एक ओवी माझ्या तोंडात बसली आहे. भाजी चिरताना म्हणते, जिना चढताना म्हणते.

*जुनेर झालं बाई, पदर ऱ्हायला गं धड*
*वाकळंला लाविते मी, माझ्या माऊलीची कड*

आणि तिच्याखाली काकांनी केलेली दुरुस्ती:

*लुगडे जुने झाले, पदर राहिला परी धड*
*गोधडीला लावते मी, माझ्या आईची कड*

दोन्ही मोठ्यानं म्हणून बघ. पहिली म्हणताना 'वाकळंला'पाशी आवाज आपसूक लांबतो, 'लाविते'वर परत खाली येतो. जात्याचा एक फेरा तेवढ्यात पुरा होतो. दुसरीत व्याकरण बरोबर आहे, पण तिच्यावर दळता येणार नाही. आणि 'जुनेर' गेलं! नेसायला विरलेलं आणि टाकून द्यायला जीव होत नाही असं लुगडं म्हणजे जुनेर. एवढं सगळं एका शब्दात सांगणारा दुसरा शब्द मला तरी माहीत नाही. 'लुगडे जुने झाले' म्हटलं की फक्त कापड जुनं होतं. 'जुनेर झालं' म्हटलं की ते नेसणारी बाईही डोळ्यांसमोर येते.

म्हणून तुझ्या सगळ्या प्रश्नांमधला हा प्रश्न मी आधी घेते. बाकीच्यांची उत्तरं यातूनच निघतील.

बहिणाबाई चौधरींची गोष्ट काकांना ठाऊक असणार, त्यांनी वर्गात शिकवलीही असेल. जळगावजवळच्या आसोद्याची बाई, जन्म १८८०चा, अक्षरओळख नाही. शेतात, घरात, जात्यावर गाणी रचायची. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातली काही उतरवून घेतली. १९५१मध्ये त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. काकांपुढे मला यातली एकच गोष्ट ठेवायची आहे. सोपानदेव स्वतः कवी होते. प्रमाण मराठी त्यांच्या हातातली होती. आईची भाषा पुस्तकी करून छापणं त्यांना सहज जमलं असतं. तरी ती गाणी आज आपण वाचतो ती आईच्याच बोलीत. आणि जेवढं कुणीतरी लिहून घेतलं, तेवढंच आपल्यापर्यंत आलं.

काकांशी वाद घालू नकोस. आईचं बोलणं गावंढळ ठरू नये म्हणून धडपडणारा मुलगा मला त्यांच्या दुरुस्तीत दिसतो. शिक्षक म्हणून त्यांनी आयुष्यभर 'न्हाई'चं 'नाही' केलं असेल. त्यांना दुसरं काम दे, आणि हे काम घरात दुसरं कुणी करूच शकणार नाही. प्रत्येक ओवीखाली शब्दांचे अर्थ लिहायचे. जुनेर म्हणजे काय, माऊली कुणाला म्हणायची, 'पारी' कुठल्या वेळेला म्हणतात. जिजीच्या पणतवंडांना हे लागणारच आहे, आणि जिजीची बोली काकांइतकी जाणणारं माणूस तुमच्या घरात आता किती उरलंय? ओवी जशी आहे तशी वर, काकांच्या टिपा खाली, आणि टिपांना त्यांचं नाव.

आता गाळायला सांगितलेली ओवी.

*पहाटंच्या पारी बाई, जातं बोलतं माझ्याशी*
*एवढ्या मोठ्या घरामंदी, बोलू सांग मी कुणाशी*

काकांना वाटतंय, लोक म्हणतील या घरात आईशी कुणी बोलत नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मलाही ही ओवी झोंबली असती. पण सासुरवासाच्या ओव्या महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांनी गायल्या आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत कित्येक वर्षं खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या १ लाखाच्या वर गेली. २०१७पासून 'पारी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'च्या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, बऱ्याच ऐकताही येतात. काकांना त्यातल्या थोड्या ऐकव. राम-सीता आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, आणि सासरचा एकटेपणाही आहे. जे घरात कुणाला सांगता येत नव्हतं ते बाई जात्याला सांगायची. दळणाच्या घरघरीत ते बोलून घ्यायला तिला जागा मिळायची. एका घराची बदनामी त्यात नसते. त्या काळच्या सुनेचं जगणं असतं.

मी ही ओवी ठेवेन. कारण जिजीनं ती चारचौघींत गायली, आणि धाकटे काका फोन धरून समोर बसलेले असताना पुन्हा गायली. म्हणजे ती ऐकली जावी असं तिला वाटत होतं.

पत्राच्या शेवटी तू आणखी एक गोष्ट लिहिली आहेस, जिजीनं फक्त आत्यांना सांगितलेली. तिचा विषय मी इथे काढत नाही, आणि तूही छापू नकोस. जे तिनं गायलं ते सगळ्यांचं. जे लेकीच्या कानात सांगितलं ते लेकीचं. आत्यांना पुढेमागे सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील.

११ लेखांबद्दल. लेख लिहिणाऱ्यांचा दोष नाही. मरण पावलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की आपल्याला श्रद्धांजलीचीच भाषा सुचते, वर्तमानपत्रात वाचलेली. त्यांना परत लिहायला सांगू नकोस, दुखावतील. एकेकाशी फोनवर बोल, आणि 'जिजी कशी होती' हा प्रश्न टाळ. त्याला उत्तर 'प्रेमळ' असंच येणार. हातांबद्दल विचार. सुई कुठल्या बोटांत धरायची? अंगुस्तान घालायची का? दोऱ्याला मेण लावायची का? सुया कशात ठेवायची, कुठल्या कोनाड्यात? वाकळ कडेनं धरून मध्याकडे शिवत जायची की एका बाजूनं सरळ? कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग? पोरांनी चिंध्यांचा ढीग विस्कटला तर काय शिव्या द्यायची? शिव्या जशाच्या तशा लिही.

तुझ्याच पत्रात एक वाक्य आहे, तू सहज लिहून गेलीस: 'हिरव्याला हिरवं लागू द्यायची नाही, मध्ये लाल नाहीतर पिवळी पट्टी पाहिजेच, नाहीतर उसवून परत शिवायची.' अगं, त्या ११ लेखांत मिळून जेवढी जिजी नाही तेवढी या एका वाक्यात आहे. रात्री कंदिलात बसून, दिवसभर रानात राबून आल्यावर, ऊब तर तशीही आली असती, तरी दोन हिरवे शेजारी आले म्हणून शिवण उसवणारी बाई कलावंत असते. तुमच्या घरात हा शब्द तिच्यासाठी कधी कुणी वापरला असेल असं मला वाटत नाही. स्मरणिकेत वापर. अन्नपूर्णा होती तेही खरं असेल, पण रांधणं तिच्यावर पडलं होतं. रंग तिनं निवडले होते.

वाकळा. मोठी कापू नका. तुकडे करून वाटण्यामागचं मन मला कळतं, प्रत्येकाला जिजीचं काहीतरी हवंय. पण तो तुकडा फ्रेममध्ये जाईल किंवा कपाटाच्या तळाशी, आणि पुढच्या पिढीला ते एक जुनं फडकं वाटेल. शिवाय धावदोरा कापला की कडा सुटायला लागतात, आतली धडपी बाहेर येतात. तिनं सलग घातलेले टाके आपण तोडायचे कशाला?

माझं मत स्पष्ट आहे: मोठी वाकळ आत्यांकडे राहावी. तू लिहिलंयस की जिजीची नजर गेल्यावर सुईत दोरा ओवून द्यायचं काम आत्या करायच्या, आणि शेवटच्या दोन वाकळांचे निम्मे टाके त्यांचेच आहेत. मग त्या वाकळांच्या कामात आत्या निम्म्या कर्त्या आहेत, आणि मोठीवर पहिला हक्कही त्यांचाच. उरलेल्या आठ घराघरांत द्या. आणि सगळ्यांना जे सारखं मिळायला हवं ते असं मिळेल: नऊही वाकळांचे फोटो काढ. दिवसाउजेडी, सावलीत, पुढून आणि पाठीमागून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग आत्यांना आणि घरातल्या जुन्या बायकांना वाकळीभोवती बसव आणि पट्टीवर बोट ठेवून विचार, हे लुगडं कुणाचं? हे काकूंच्या लग्नातलं. हा जिजीच्या सासूचा इरकलीचा टोपपदर. इरकली लुगड्यात अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात, ते विणताना फासे घालून जोडतात. म्हणून त्याचा लाल पदर वाकळीत कुठेही ओळखू येतो. ओवीतली 'माऊलीची कड' कुठल्या वाकळीत आहे, ते त्या दिवशी सापडेल असं मला फार वाटतंय. सापडली तर मला कळव. हे सगळं फोटोवर आकडे घालून लिहून काढलंस तर स्मरणिकेची मधली पानं तीच.

आठांपैकी एखादी तरी अंगावर घ्या. तिनं त्या पांघरायला शिवल्या होत्या. ज्या जपून ठेवायच्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत दमट राहून बुरशी धरते. धुतलेल्या सुती कापडात, जुन्या धोतरात गुंडाळा. घडीपेक्षा गुंडाळी बरी, आणि घडीच घालायची तर दर सहा महिन्यांनी मोड बदला, कारण कापड घडीच्या रेषेवर आधी विरतं. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला छोट्या पुरचुंडीत बांधून ठेवा. कडक उन्हात टाकू नका, रंग उडतात. सावलीत वारा लागू दे. मशीनमध्ये तर कधीच नाही.

फोनमधल्या रेकॉर्डिंगचं आजच्या आज कर. काकांचा फोन उद्या पडला, हरवला तर १७ ओव्या गेल्या. त्यांना मूळ फाइली व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांग, म्हणजे त्या आहेत तशा येतात. तीन प्रती कर: एक तुझ्या लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. फाइलीच्या नावात तारीख, गाव आणि ओवीचे पहिले शब्द घाल. मध्येच कुकरची शिट्टी होते आणि जिजी म्हणते 'थांब, आधी गॅस बारीक कर', असं तू लिहिलंयस. ते कापू नकोस. साफ केलेली प्रत हवी तर वेगळी कर, मूळ फाइलीला हात नको.

आणि तुझ्या मनातली बोच. माझ्या आईच्या आवाजाची एक कॅसेट आमच्या घरी होती. आई पहाटे म्हणायची त्या भूपाळ्या वडिलांनी एकदा टेप करून ठेवल्या होत्या. कॉलेजात असताना मी त्याच कॅसेटवर माझ्या परीक्षेची उत्तरं टेप केली. आई तेव्हा होती, रोज म्हणत होती, त्यामुळे काही गमावतोय असं मला वाटलंच नाही. आई गेल्यावर ती कॅसेट लावली तेव्हा माझाच आवाज आला. तुझं दुःख मला समजतं, एवढंच सांगायचं होतं. ते जाईल असं मी म्हणणार नाही.

पण तुझ्या बाबतीत एक गोष्ट अजून हातात आहे. मोठं जातं ओढायला सहसा दोघी समोरासमोर बसायच्या. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं साथ द्यायची. जिजीसमोर कोण बसायचं? शेजारची जाऊ, भावकीतली कुणी, गावातली एखादी मैत्रीण? पिठाची गिरणी आल्यावर दळण थांबलं आणि गाणंही थांबलं, पण ज्यांनी वर्षानुवर्षं साथ दिली त्यांच्या तोंडात ओव्या उरलेल्या असतात. त्या म्हाताऱ्यांकडे जा. खुर्चीत बसवून 'म्हणा बघू' म्हणालीस तर 'आता काही आठवत न्हाई गं बाई' हेच उत्तर मिळेल. जातं मांड, मूठभर ज्वारी टाक, खुंट्याला त्यांचा हात लाव आणि समोर तू बस. दोन-चार फेरे मुकाट्यानं ओढ. हात फिरायला लागला की ओवी येते. नाहीच जमलं तर पुढच्या लग्नात हळद दळतात तेव्हा त्यांना बोलाव. तिथे त्या आपणहून सुरू होतील. दोघींना एकदम बसवलंस तर आणखी बरं, एक चुकली की दुसरी 'असं नव्हतं ते' म्हणून पुढची ओळ सांगते. फोन आधीच चालू करून पदराआड न लपवता समोर ठेव, आणि रेकॉर्ड करतेय हे सांगून कर. गाणारीचं नाव आणि गाव विचारून लिहून घे. ओवी जिजीची असेल, पण ती इतकी वर्षं सांभाळणाऱ्या बाईचं नावही छापायला हवं.

नावावरून आठवलं. तुझं सगळं पत्र मी दोनदा वाचलं. जिजी, आई, थोरल्या बाई, वहिनी, काकी, सगळं आहे. तिचं नाव नाही. तूच लिहितेस की शिधापत्रिकेवर सासरचं नाव आहे आणि माहेरचं 'बहुतेक कुणाला माहीत नाही'. पण जिजीचे धाकटे भाऊ आहेत ना अजून, ८१ वर्षांचे, म्हसवडला? म्हसवड तुमच्याच तालुक्यात. मामाआजोबांना माहीत असणार. लहानपणी ते तिला काय म्हणून हाक मारायचे, वाकळ शिवायला तिला कुणी शिकवलं, लग्न होऊन आली तेव्हा किती वर्षांची होती, पहिली ओवी त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकली.

चैत्राची वाट बघू नकोस. या रविवारी जा. जाताना एक वाकळ घेऊन जा, त्यांच्या मांडीवर ठेव, आणि मग विचार. नाव कळलं की मुखपृष्ठावर ते मोठ्या अक्षरात, त्याखाली 'जिजी'.

तुझी,
ताई